चाळीस मिनिटं

याकुत्स्कहून विमान नऊ दहाला सुटतं
आणि मॉस्कोत नऊ पन्नासला टेकतं.
तिकिटावर असंच छापलेलं असतं,
दोन्ही वेळा आपापल्या गावच्या.
म्हणून आई म्हणते,
‘चाळीस मिनिटांचा तर रस्ता,
तेवढंही येववत नाही तुला?’

मी सांगतो, आई, पाच हजार किलोमीटर आहेत,
गुडघे आवळून पावणेसात तास बसावं लागतं,
मधले सहा तास घड्याळं गिळतात.
‘गिळेनात का,’ ती म्हणते.
‘मला चाळीसच दिसतात.’

खिडकीतला सूर्य म्हणे हलतच नाही.
क्षितिजाच्या काठावर हनुवटी टेकून बसलेला,
वर येईना, खाली जाईना.
सहा तास नुसतं उजाडतच राहतं.

या जानेवारीत ती आली तेव्हा तिकडे उणे सेहेचाळीस होतं.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले सात मासे,
मोळीसारखे बांधलेले, सुतळीच्या दोन गाठी.
विमानतळावर तिनं आधी माझा चेहरा पाहिला नाही.
पिशवीत हात घालून एका माशावर बोटानं वाजवलं.
टक टक.
‘अजून लाकूड आहे. म्हणजे फार लांब नाही.’

मग मेट्रो, मग दुसरी मेट्रो, मग बस,
मग आमची लिफ्ट, जी मी स्वतः दुरुस्त करतो
आणि जी तरीही सातव्या मजल्यावर थबकते.
दारात पोचेपर्यंत
एका माशाच्या शेपटीनं मान टाकली होती.
‘विमानतळापासून तुझं घर लांब आहे,’ ती म्हणाली.

सार्दाना पाच वर्षांची. रशियनमध्ये विचारते,
‘हा कच्चाच खायचा?’
आई साखामध्ये विचारते, ‘काय म्हणते ती?’
मी इकडचं तिकडे करतो.
माझ्यातून जाताना वाक्यं थोडी वितळतात.

तिनं मनगटावरचं घड्याळ फिरवलं नाही.
‘आठ दिवसांसाठी कशाला?’
संध्याकाळी पाचला तिला पेंग यायची,
रात्री एकला ती उठून
अंधारातच गॅस पेटवायची.
माझ्याच घरात
माझ्याहून सहा तास पुढे राहायची.

चौथ्या रात्री मीही उठलो.
तिनं काही विचारलं नाही, दुसरा कप काढला.
दूध जास्त, चहा कमी.
घोडी कुणाची व्याली, प्रोकोपीच्या मुलीनं नोकरी का सोडली,
नदीवरचा बर्फाचा रस्ता यंदा किती उशिरा खुला झाला,
सगळं झाल्यावर
बशीतला चहा फुंकत म्हणाली,

‘तुझ्या बापाच्या वेळी
जमीन दगड झाली होती.
तीन दिवस जाळ घातला तिच्यावर.
एक वीत वितळायची, एक वीत खणायचो,
पुन्हा जाळ.
मला वाटलं, तेवढ्यात तू येशील.’

मी म्हणालो, ‘धुकं होतं. विमानं बंद होती.’

‘होतं,’ ती म्हणाली.
‘तिसऱ्या दिवशी नव्हतं.’

गॅस निळा जळत राहिला.
तिच्या घड्याळात सकाळचे सात वाजून गेले होते,
माझ्यात अजून मध्यरात्रच होती.

परतीचं विमान रात्री साडेआठला सुटतं
आणि सकाळी साडेआठला पोचतं.
तिकीट मी तिच्या नाकाशी धरलं:
‘बघ, माझ्या बाजूनं अख्खी रात्र आहे.’
चष्मा कपाळावर सरकवून तिनं वाचलं,
बोट एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर नेलं.
‘हं,’ म्हणाली. ‘तिकडे जायला लागते खरी.’
आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून
रांगेत शिरली.

एक मासा उरलाय फ्रीजरमध्ये.
मान टाकलेली शेपटी
तशीच, वाकडी, पुन्हा गोठलीये.
रात्री एकला उठतो, दार उघडतो,
बोटानं वाजवून बघतो.